आजोबांची बोटं आणि संगणकाची वेलांटी

संगणकावर 'धाराशिव' हा शब्द लिहून पाहिलाय का कधी? २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव बदललं, तेव्हा आमच्या शाळेला नवी पाटी छापायची होती. मजकूर टाइप करायला शेजारचे आजोबा आले. कचेरीत टाइपरायटर बडवण्यात त्यांचा जन्म गेलेला!

पण बोटं सवयीनं फिरली आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. एकेक अक्षर शोधत ते 'शि'पर्यंत आले. आधी वेलांटी दाबली, तर ती एका ठिपक्यांच्या गोलाला लटकली! आजोबा हिरमुसले. "सर, आता माझं काय काम नाही इथं."

चूक त्यांची नव्हती, बरं का. टाइपरायटरचा ठसा लगेच कागदावर उमटतो, म्हणून डावीकडची वेलांटी आधी मारावी लागते. आमच्या संगणकावर होती 'इनस्क्रिप्ट' पद्धत. ती १९८० च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली. तिच्यात उच्चाराप्रमाणे आधी श, मग वेलांटी. गंमत म्हणजे मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर बंगालीचा आणि तमिळचाही 'क'! आमच्या सातवीच्या ताई मात्र इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. मोबाइलची सवय, दुसरं काय!

दुसरीतल्या पोरांची तऱ्हा तिसरीच. लिहायच्या चौकटीवर बटणांची ही रांग! एक पठ्ठ्या तासभर 'माझी म्हैस' हे नावच रंगवत बसला. लिब्रेऑफिसमध्ये नको त्या बटणांच्या पट्ट्या लपवता येतात. मी त्या लपवल्या. अक्षर मोठं करायचं, चुकलं तर मागं जायचं आणि जपून ठेवायचं, एवढीच बटणं ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हशीवर सात ओळी झाल्या! सातवीला मात्र तक्त्याचं बटण हवंच. उस्मानाबादी शेळ्यांच्या वजनाची नोंद ती मुलं त्यातच करतात.

मग आजोबांनीच काय घोडं मारलंय? टाइपरायटरची 'रेमिंग्टन' पद्धत संगणकावरही बसवता येते. ती बसवली आणि त्यांना पुन्हा बोलावलं. कळफलकाकडं न बघता त्यांची बोटं अशी पळाली, की पोरं आ वासून बघतच राहिली. धाडधाड पाटी तयार! वाचून बघतो तर काय, सवयीनं लिहिलेलं 'उस्मानाबाद'!

"आजोबा, मागं जायचं बटण हे," म्हैसवाला पठ्ठ्या पुढं सरसावला.