आर्किटेक्ट व्हायचंय? आधी मान्यता पाहा

आमच्या बापजाद्यांनी विटा-वाळू वाहिली, पण इमारतीचा नकाशा मात्र कायम दुसऱ्याच्या हाती राहिला. आता तो आपल्या मुली काढू म्हणतात, याचा आम्हाला आनंद आहे.

परवा गवंडीकाम करणारे एक बांधव मुलीला घेऊन आमच्याकडे आले. 'नाटा' परीक्षा तिने दिली होती. पुढ्यात दोन कॉलेजे होती, एक जुने सरकारी, दुसरे खासगी विद्यापीठातले. पोरीचा जीव दुसऱ्याच्या चकचकीत माहितीपुस्तिकेत अडकलेला! आम्ही विचारले, "कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का?" बापलेक एकमेकांकडे पाहू लागले. १९७२ च्या कायद्याने या कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. मान्यता नसेल तर पाच वर्षे पाण्यात.

दुसरे, शिष्यवृत्ती. सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेवर ती मिळते, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवर नाही. दलाल हे सांगत नाहीत. जातवैधता आधीच काढावी. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तिथला आपला हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, तो सोडू नका.

खर्च फीपाशी थांबत नाही. शीट, पुठ्ठा, प्रिंट यांचे पैसे दर आठवड्याला लागतात. शिवाय एका खोलीच्या घरात रात्रभर ड्रॉइंग बोर्ड कुठे मांडणार? म्हणून वसतिगृह आहे का, हेही विचारा.

त्या मुलीने पसंतीक्रमात सरकारी कॉलेज वर घेतले. पुस्तिका तिने धाकट्या भावाला दिली, वहीला कव्हर घालायला.