उतारावरचा न्यूट्रल : वाहनचालकाच्या व्यवसायनीतीविषयी

आजचा विषय वाहनचालकांची व्यवसायनीती. ‘नीती’ हा शब्द आला की आता उपदेशाची यादी ऐकावी लागणार, असं तुम्हाला वाटलं असेल. दारू पिऊ नका, हॉर्न वाजवू नका वगैरे. ती यादी तुमची पाठ आहे. मी रस्त्यावरच्या एकाच जागेविषयी बोलणार आहे.

साताऱ्याकडून पुण्याला येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो. इथे काही अवजड गाड्यांचे चालक गाडी न्यूट्रल करून सोडतात. का? तर डिझेल वाचतं.

आता यात घडतं काय ते पाहू. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन चाकांना आवरून धरतं. न्यूट्रल केलं की तो आधार सुटतो आणि 25-30 टनांचा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ड्रम आणि लायनर तापतात, पकड कमी होत जाते, आणि नेमकी गर्दीची जागा येते तेव्हा ब्रेक लागतच नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण पेपरात वाचतो, ‘ब्रेक फेल झाल्याने अपघात’. जणू काही ब्रेकनेच ते ठरवलं होतं!

गंमत अशी की नव्या इंजिनांमध्ये हा हिशेबच चुकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. पण घटकाभर धरून चालू की चार पैसे वाचतात. तरी माझा प्रश्न शिल्लक राहतो. पैसे कुणाचे वाचले आणि जीव कुणाचा टांगणीला लागला?

डॉक्टरकडे आपण आपल्या पायांनी जातो. वकील आपण निवडतो. पुलाजवळून स्कूटरवर मुलीला क्लासला सोडायला निघालेल्या माणसाने मात्र मागून येणाऱ्या ट्रकचा चालक निवडलेला नसतो. त्याला तो दिसतही नाही. तरी तो त्याच्यावर भरवसा ठेवून पुढे चाललेला असतो. असा न मागता मिळालेला भरवसा सांभाळणं, हा मी चालकाच्या व्यवसायनीतीचा गाभा मानतो.

कांटने 1785 सालच्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो कुणालाच जादा भाव लावत नाही, लहान मूल आलं तरी नाही. कांट विचारतो, हा प्रामाणिकपणा कर्तव्य म्हणून आहे, की गिऱ्हाईक टिकावं म्हणून? वेगाचा कॅमेरा आला की पाय उचलायचा आणि मागे पडला की दाबायचा, हे त्या हिशेबी दुकानदारासारखं झालं. उतारावर केबिनमध्ये गिअर कुठे आहे, हे कुठला कॅमेरा पाहणार?

पण सगळं ओझं चालकाच्या डोक्यावर टाकणंही अन्यायाचं होईल. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाचे सर्वसाधारणपणे दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास ठरवून दिले होते. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. जो मालक डिझेल मोजून देतो, जास्त लागलं तर पगारातून कापतो आणि रात्रभर गाडी पळवायला लावतो, त्याचाही हात त्या गिअरवर असतो. म्हणून चालकाची जबाबदारी संपत नाही. पण मालकाला आरोपातून मोकळं सोडून चालकाला नीती शिकवायची, याला मी ढोंग म्हणेन.

शेवटी, आधी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेतो. एक चालक बंधू विचारतात, ‘सर, अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. मग थांबायचं कसं?’

प्रश्न खरा आहे. ही भीती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचं कर्तव्य चालकावर टाकतं, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्यच नसेल तर सूटही देतं. त्याचबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि काहीही झालं तरी 24 तासांच्या आत, माहिती द्यायला सांगतं. म्हणजे जीव वाचवायला बाजूला व्हा. पण बाजूला झाल्याझाल्या 108 ला फोन करून जागा सांगा, आणि सरळ पोलीस ठाणं गाठा. फोन केला तर तो माणूस कदाचित वाचेल. नाही केला, तर त्याने तुमच्यावर ठेवलेला भरवसा तुम्ही दुसऱ्यांदा मोडलात.

आणि आपण, जे त्या जमावात उभे असतो, आपणही हात उगारण्याआधी जखमीकडे पाहूया. चालकाला थांबता येईल असा रस्ता ठेवणं, हे आपलं कर्तव्य आहे.