पीजचे टीव्ही केंद्र : एका किलोवॅटची गोष्ट



आपल्या इथल्या विजेच्या किटलीवर बहुधा '३ किलोवॅट' असे छापलेले असते. त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे फक्त १ किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावर गुजरातमधल्या एका खेड्यातून दहा वर्षे टीव्ही केंद्र चालले! गावाचे नाव पीज, जिल्हा खेडा. आज ब्रॅकनेलमध्ये बसून आपण शेकडो वाहिन्या चाळतो, तेव्हा या छोट्या केंद्राची माहिती आपल्या मुलांनाही असावी असे वाटले, म्हणून हा लेख.

सुरुवात कशी झाली?

खेड्यापाड्यांत उपग्रहाद्वारे टीव्ही न्यावा, ही कल्पना डॉ. विक्रम साराभाईंची. त्यांच्या निधनानंतर ती 'साईट' या प्रयोगाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या २४०० गावांत त्यावरून थेट कार्यक्रम दिसले. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते आपले कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस. पुढे ते अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक झाले. २०२५ साली, वयाची शंभरी ओलांडून, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्या २४०० गावांत प्रत्येक ठिकाणी जाळीची मोठी तबकडी उभारावी लागली. खेडा जिल्ह्यात मात्र वेगळी युक्ती केली. उपग्रहाचा संदेश अहमदाबादच्या भूकेंद्रावर घ्यायचा, तिथून पीजला पाठवायचा आणि पीजच्या प्रक्षेपकाने तो आसपासच्या गावांत सोडायचा. त्यामुळे गावात साधा संच आणि साधी ॲन्टेना पुरे. वर्ष संपल्यावर उपग्रह गेला, पण पीज बंद पडले नाही, कारण अहमदाबादच्या स्टुडिओत तयार झालेले कार्यक्रम जमिनीवरूनच तिथे पोहोचत होते.

एवढ्याशा शक्तीत भागते कसे?

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर जमीनच आड येते. १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून हे क्षितिज सुमारे ४० किलोमीटरवर असते. एका जिल्ह्यापुरते बोलायचे तर शक्तीपेक्षा मनोऱ्याची उंची आणि सपाट मुलूख जास्त कामाला येतो. खेड्याचा चरोतर भाग असाच सपाट आहे.

काय दाखवत?

सरकारने चारशेच्या आसपास गावांत सहाशेहून अधिक सार्वजनिक संच दिले होते. त्यातले बरेच दूध सहकारी संस्थांमध्ये ठेवलेले असत. संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसे टीव्ही बघून घरी जात. जाहिराती नव्हत्या. भाषा गुजराती, तीही तिथल्या बोलीच्या वळणाची. 'चतुर मोटा' ही मालिका हुंडा आणि विधवाविवाहावर, तर 'हूं ने मारा ए' कुटुंबनियोजनावर होती. किमान मजुरी, अस्पृश्यता, सावकारी असे अवघड विषयही टाळले नाहीत. गावकरी स्वतः कॅमेऱ्यापुढे येत, कामे करत आणि गाऱ्हाणी मांडत. एखादी मालिका लोकांना कळते का, हे आधी गावात जाऊन तपासले जाई.

मग बंद का पडले?

१९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर दूरदर्शनचा विस्तार झपाट्याने झाला. १९८४ मध्ये देशभर १०० वॅटची लघुशक्ती केंद्रे उभी राहिली. ती उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुढे सोडत. त्यांच्याजवळ स्टुडिओ नव्हता. त्याच सुमारास अहमदाबादला मोठा प्रक्षेपक आला आणि त्याचा संदेश खेड्यापर्यंत पोहोचतो, मग पीजची गरज काय, असा हिशोब झाला. प्रक्षेपक मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी न्यायचे ठरले. लोकांनी विरोध केला, पण १९८५ मध्ये पीजचे प्रसारण थांबले. नवल म्हणजे याच सुमारास या प्रकल्पाला ग्रामीण संपर्कासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता!

इंजिनिअरच्या कागदावर तो हिशोब चुकीचा नव्हता. संदेश खरोखरच पोहोचत होता. फक्त त्यात खेड्यातला माणूस उरला नव्हता. ब्रिटनमध्येही १९९६ च्या कायद्यानंतर अशी छोटी स्थानिक केंद्रे निघाली. आपल्यापासून जवळच्या ऑक्सफर्डमध्ये १९९९ साली एक सुरू झाले, तेही दहा वर्षांत बंद पडले. स्थानिक टीव्हीचा खर्च कोणी उचलायचा, हे कोडे दोन्हीकडे सारखेच.

आता प्रक्षेपकाची गरजच उरलेली नाही. मोबाईलवरून कोणीही जगभर दाखवू शकतो. पण दूध घालायला आलेल्या बाईला विचारून तिच्याच अडचणीवर तिच्याच बोलीत कार्यक्रम करायचा, हे काम यंत्र स्वस्त झाले म्हणून आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी वही-पेन घेऊन गावात जावे लागते. पीजला ती माणसे होती.