एका मेथीच्या जुडीचे पाचशे रुपये!

गेल्या वर्षी राहुरी तालुक्यातल्या मित्राने हंगामाच्या सणाला चर्चमध्ये बोलावलं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. भक्तीनंतर लिलाव! मेथीची एक जुडी पाचशेला गेली. घेणाऱ्याने ती लगेच परत दिली आणि ती पुन्हा विकली गेली. पैसा मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या, कामाला.

शेतातलं पहिलं पीक देवाला, ही बायबलमधली जुनी चाल. मराठी बायबलात त्याला ‘प्रथमउपज’ म्हणतात, आणि आभार मानण्याला ‘उपकारस्तुती’. किती नेमका शब्द आहे!

राहुरी ज्या जिल्ह्यात आहे, त्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. मिशन अमेरिकन, पण अमेरिकेतला आभाराचा सण ‘थँक्सगिव्हिंग’ नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, घरच्या जेवणाचा. आपल्याकडे मात्र तारीख मंडळीगणिक वेगळी, आणि आभार मानायचे ते ज्वारी-बाजरी हातात घेऊन.

मला हे परकं वाटलंच नाही. आमच्या घरीही नव्या धान्याचा पहिला घास देवापुढे ठेवतात. मित्राच्या आईने जेवायला वाढताना विचारलं, “तुमच्याकडं काय पिकलं औंदा?” तो प्रश्न अजून मनात आहे.

तुमच्या गावात पहिलं पीक कुणाला देतात? कमेंटमध्ये नक्की लिहा.