जिवंत शरीरांतील गांठ

माण तालुक्यांतील म्हसवड व आटपाडी तालुक्यांतील खरसुंडी हीं गांवें खिलार जनावरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहेत. गिऱ्हाईक बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो आणि मागें वळून उंच गेलेल्या शिंगांवरून हात फिरवितो. परंतु शिंगाच्या आंत काय चाललें आहे, हें हातास कळत नाहीं. भारतीय बैलांस होणारा शिंगाचा कर्करोग तेथेंच, आंतील पोकळीच्या अस्तरांत, सुरू होतो. बैल डोकें झटकूं लागतो, मान एका बाजूस कलती धरतो, नाकपुडींतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंग सैल होऊन कलंडतें, तेव्हां रोग फार पुढें गेलेला असतो.

रोग डोळ्यांस दिसण्यापूर्वीं आंत कसा वाढतो, हाच प्रश्न कर्करोगाच्या संशोधकांपुढेंहि असतो. त्यासाठीं उंदरांवर प्रयोग होतात. जुनी रीत अशी कीं, पुष्कळ उंदरांच्या अंगांत एकाच दिवशीं कर्कपेशी घालावयाच्या आणि दर आठवड्यास त्यांतील कांहींना मारून गांठ मोजावयाची. सांगलीकडील शेतकऱ्यानें हळदीचा गड्डा किती भरला हें पाहण्यासाठीं दर आठवड्यास एक निराळें रोप उपटावें, तसाच हा प्रकार! उपटलेलें रोप पुढें किती वाढलें असतें, हें कधींच कळत नाहीं. शिवाय पुष्कळ जीव खर्ची पडतात.

या अडचणींतून एक वाट काजव्यानें दाखविली. पावसाच्या तोंडावर जावळी-पाटणच्या रानांत काजवे लुकलुकतात, तो उजेड त्यांच्या शरीरांतील ल्युसिफरेज नांवाच्या एन्झाइममुळें पडतो. अमेरिकेंतील काजव्यापासून या एन्झाइमचा जनुक 1985 सालीं वेगळा करण्यांत आला. तो कर्कपेशींत बसवून त्या पेशी उंदरास देतात. पाहणीच्या वेळीं उंदरास ल्युसिफेरिन या द्रव्याची सुई टोंचून गुंगींत ठेवतात आणि काळोख्या पेटींत अतिसंवेदनक्षम कॅमेऱ्यानें त्याचें चित्र घेतात. जिवंत कर्कपेशी तेवढ्या उजळतात. मेलेल्या उजळत नाहींत. गांठ वाढली कीं उजेड वाढतो, औषध लागू पडलें कीं तो मंदावतो. उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यांत परततो, आणि पुढील आठवड्यास त्याचीच पुन्हां पाहणी होते. एकाच जीवाचा आरंभापासूनचा वृत्तान्त असा हातीं येतो आणि थोड्या उंदरांत काम भागतें.

मात्र रक्तमांसांतून बाहेर येतांना हा प्रकाश शोषला जातो व पसरतो. खोल गांठीची नेमकी जागा त्यावरून ठरविणें कठीण. म्हणून क्ष-किरणांची चित्रें घेतात, किंवा किरणोत्सर्गी फ्लुओरिन जोडलेली साखर टोंचतात. गांठ पुष्कळदां भोंवतालच्या भागाहून अधिक साखर ओढून घेते, त्यामुळें ती ओळखूं येते. या फ्लुओरिनची शक्ति सुमारें 110 मिनिटांत निम्मी होते. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेंत लहान प्राण्यांच्या अशा चित्रणाची सोय आहे.

खिलार बैलाच्या शिंगांत मात्र काजव्याचा दिवा लावतां येत नाहीं, कारण तेथील कर्कपेशी आपोआप उपजलेल्या असतात. उंदराची गांठ ही बैलाची किंवा माणसाचीहि गांठ नव्हे. तथापि रोग उघड होईपर्यंत थांबूं नये, हा धडा सर्वांस सारखाच लागू आहे. मान कलती धरणारा बैल शिंग सैल होण्यापूर्वींच पशुवैद्यास दाखविला, तर शिंग मुळापासून काढून त्याचा जीव वांचविण्याची आशा अधिक असते.