पलटणीचा पगार, परतवाड्याचा बाजार

वरूडहून मोर्शी, चांदूर बाजार करत परतवाड्याला गेलं, की त्या गावाला अजूनही 'कॅम्प' म्हणणारी माणसं भेटतात. हा कॅम्प हैदराबाद कंटिन्जंटचा. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिचा खर्च थकत गेला आणि 21 मे 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखाने पोसायचे होते. पूर्णेकाठी कपाशी पिकवणाऱ्या कुणब्याचा सारा असा शिपायाच्या पगाराला लागला. तहाची कलमं आपण शाळेत पाठ केली, पण पगार हातात पडल्यावर तो शिपाई जगत कसा होता, हे कुणी सांगितलं नाही.

घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. घोडा स्वाराचा स्वतःचा, म्हणून पगार जास्त. पण चंदी, वैरण, नाल, खोगीर सगळं त्यातूनच भागवायचं. घोडा दगावला तर कर्ज. म्हणजे गवतवाला, नालबंद, मोची, सावकार यांच्यावाचून स्वाराचं पान हलत नसे. पायदळात उत्तर हिंदुस्थानातले लोक बरेच. वऱ्हाडी माणसाच्या लेखी ते परदेशी. त्यांचा रोजचा संबंध साहेबापेक्षा या बाजाराशीच जास्त.

रोमन शिपायाचंही असंच होतं. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचा किल्ला आहे. इ.स. 100 च्या सुमारास तिथं आजच्या नेदरलँड्सकडचे बटाव्हियन शिपाई राहत. 1973 पासून तिथल्या ओल्या मातीतून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली त्यांची पत्रं निघू लागली. एकात मोजे, चपला आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय. दुसऱ्यात, माणसांची बिअर संपली, पाठवा. क्लॉडिया सेव्हेरा ही अधिकाऱ्याची बायको आपल्या मैत्रिणीला 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हातानं लिहिते. साध्या शिपायाला कायद्यानं लग्न करता येत नसे. तरी बायकांचे आणि लेकरांचे चामडी जोडे त्याच किल्ल्यात सापडलेत. कायदा काहीही म्हणो, संसार चालूच होते.

इकडे 1903 मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात सामावली गेली. बाजार मात्र टिकला. परतवाड्यात कुणाच्या माळ्यावर त्या काळच्या खातेवह्या असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. कुण्या स्वाराची वैरणीची उधारी, लेकीच्या लग्नाचं कर्ज, हे सारं असलं तर तिथंच असेल.