गोल करवतीचा सुरक्षित वापर व निगा

कल्याण तालुक्यात उल्हास नदीच्या काठी वसलेल्या मोहने व आसपासच्या परिसरात शहर आणि शेती एकमेकांस येऊन भिडली आहेत. तरीही मृग लागण्यापूर्वी नांगर, जू, गव्हाण व गोठ्याची दारे यांची डागडुजी शेतकऱ्यास चुकत नाही. पूर्वी ही कामे हातकरवतीने होत. आता विजेच्या मोटारीवर चालणारी, टेबलाच्या फटीतून पाते वर आलेली गोल करवत हे काम थोड्या वेळात उरकते. तथापि हातकरवत घसरली तर बोटास जखम होते. या करवतीने बोटच जाते. म्हणून तिचे वर्तन समजून घेतल्याखेरीज तिला हात लावू नये.

अपघात कसा होतो

२५० मि.मी. व्यासाचे पाते मिनिटास २,८०० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. धोका जाणवून हात मागे घेण्यास सवडच उरत नाही.

पात्याचे आपल्याकडील दात वरून खाली येतात व लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागील दात मात्र खालून वर उठतात. ओले किंवा पीळ असलेले लाकूड चिरताना चीर मागे मिटते व पाते चिमटीत सापडते. मग मागील दात ते लाकूड उचलून काम करणाऱ्याच्या अंगावर फेकतात. त्याच झटक्यात हात पात्यावर ओढला जाण्याचा संभव असतो.

चीर मिटू नये म्हणून पात्यामागे पोलादी पट्टी बसवितात. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड, परंतु चिरेपेक्षा बारीक असावी. टेबलाच्या पातळीवर ती दातांपासून १० मि.मी.हून दूर नसावी. कामात अडचण होते म्हणून ही पट्टी व पात्यावरील टोप काढून ठेवणे अत्यंत घातक होय. यंत्रांचे धोक्याचे भाग झाकणे कारखान्यांस १९४८ च्या अधिनियमाने सक्तीचे केले. शेतकऱ्याच्या अंगणातील करवत तपासावयास कोणी येत नाही. ती दक्षता मालकानेच घ्यावयाची आहे.

वीज गेल्यावर

वीज परत येताच विहिरीवरील पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून काही शेतकरी ऑटो स्विच बसवितात. करवतीस तो कदापि बसवू नये. साधे बटणही धोक्याचेच आहे. वीज गेली, बटण चालू राहिले, अडकलेला तुकडा काढण्यास हात घातला आणि तेवढ्यात वीज आली, तर परिणाम सांगावयास नको. वीज जाताच सुटणारा व पुन्हा हाताने दाबल्याखेरीज सुरू न होणारा स्टार्टर बसवावा. अर्थिंग नीट असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

काम करताना

१. जुन्या लाकडातील खिळे प्रथम काढावेत.

२. पाते लाकडाच्या वर एका दाताच्या उंचीहून अधिक ठेवू नये.

३. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता किंचित बाजूस उभे राहावे.

४. अरुंद लाकूड हाताने न लोटता खाच पाडलेल्या काठीने पुढे ढकलावे.

५. हातमोजे, उपरणे व सैल बाह्या टाळाव्यात. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास मुसके अवश्य वापरावे. लाकडाच्या बारीक धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्ककारक पदार्थांत केली आहे.

यंत्राची निगा

पाते स्वच्छ करण्यापूर्वी वा बदलण्यापूर्वी मेन स्विच बंद करून प्लग काढावा. बोथट पात्यास लाकूड जोराने लोटावे लागते व त्यामुळे हात घसरतो; म्हणून धार ही सुरक्षिततेचीच बाब आहे. साध्या पोलादी दातांस कानशीने धार लावता येते. कार्बाइडचे दात मात्र जाणकाराकडे द्यावेत. दातांवर जमलेला चीक ब्रशने काढावा. तडा गेलेले पाते टाकून द्यावे. पात्याची चक्की व पट्ट्याचा ताण दररोज पाहावा. मोटारीभोवतीचा भुसा रोज काढावा, कारण तो तापून पेट घेऊ शकतो. साध्या लाकडाचा भुसा गोठ्यात अंथरण्यास चालतो. प्लायवूडचा किंवा औषध लावलेल्या लाकडाचा वापरू नये.

अपघात झाल्यास

जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटास बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये. वेळ न दवडता रुग्णालय गाठल्यास बोट पुन्हा जोडले जाण्याची आशा असते.

टोप व पट्टी बसविण्यास चार मिनिटे लागतात. ज्या हातांनी भाताची लावणी करावयाची, ते हात शाबूत राखण्यासाठी एवढा वेळ प्रत्येकाने द्यावा.